आय२६ : न लिहिलेल्या गोष्टीचा कोड

डेटाबेसच्या वायव्हात 'नल' आणि 'फॉल्स' यांतला फरक आपण सगळेच पाठ म्हणून दाखवतो. 'माहीत नाही' वेगळं आणि 'नाही' वेगळं. मला तो खरा कळला रोगनिदानाच्या कोडिंगबद्दल वाचताना.

पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. कधी ती सुटते, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जाते आणि फुफ्फुसाच्या धमनीत अडकते. हे पल्मनरी एम्बॉलिझम. गुठळी मोठी असली तर चालू पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद केल्यासारखं होतं. हृदयाचा उजवा कप्पा दाबाने फुगतो, थकतो. या अवस्थेला अॅक्यूट कॉर पल्मोनाल म्हणतात आणि तिच्यात माणूस दगावू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात एम्बॉलिझमचा कोड आय२६. कॉर पल्मोनालचा उल्लेख असेल तर आय२६.०, नसेल तर आय२६.९. मित्रांनो, 'उल्लेख' हा शब्द नीट बघा. खरंच काही नव्हतं तरी .९ आणि डॉक्टर घाईत लिहायला विसरले तरी .९. म्हणजे नल आणि फॉल्स एकाच खणात! आपल्या मॅडमनी अशा टेबलला मार्क दिले नसते.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून जी आवृत्ती वापरतात तिच्यात तर 'उल्लेख' शब्दच गळलाय. केसपेपरवर नुसतं 'पल्मनरी एम्बॉलिझम' असेल तर कोड आय२६.९९, आणि त्याचा अर्थ छापलाय 'कॉर पल्मोनाल नसलेला'. तिथल्या दवाखान्यांचं बरंच कोडिंग भारतात बसून होतं. पण कोडरने इकोचा रिपोर्ट बघून स्वतः निदान ठरवायचं नसतं, शंका आली तर डॉक्टरांना विचारायचं. आधी मला ही बाबूगिरी वाटली. पण अंदाजाने कोड टाकला तर कोणीच न केलेलं निदान त्या पेशंटला कायमचं चिकटणार.

दुसरा घोळ काळाचा. वर्षभराने तोच पेशंट तपासणीला येतो. गुठळी गेलीय, गोळी फक्त पुन्हा होऊ नये म्हणून चालू आहे, तर कोड 'पूर्वी झालेला' म्हणून झेड८६.७११. गुठळी जुनाट होऊन राहिली असेल तर आय२७.८२. केसपेपरवर मात्र दोन्ही वेळा नुसतं 'पी.ई.' लिहिलेलं असू शकतं. कोडरने न विचारता पुन्हा आय२६.९९ टाकला, की एकदाच झालेला आजार आकडेवारीत दोनदा मोजला जातो.