सामुदायिक भोजन आणि मुरवलेल्या कोंबडीची सुरक्षितता

जत्रा, लग्नकार्य किंवा एखाद्या संस्थेचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगी शे-दोनशे माणसांसाठी सामिष स्वयंपाक करण्याचा प्रघात खेड्यापाड्यांतही रुळला आहे. कोंबडीच्या तुकड्यांना दही, लिंबू, आले-लसूण, हळद, तिखट व मीठ चोळून ते काही तास मुरवत ठेवावयाचे आणि मग निखाऱ्यावर भाजावयाचे किंवा रश्शात शिजवावयाचे, ही पद्धत सर्वपरिचित आहे. मुरवल्याने मांस मऊ होते व चवदार लागते. परंतु त्यामुळे ते निर्धोकही होते, हा समज चुकीचा आहे. मुरवलेले मांस हे कच्चेच मांस होय, हे ध्यानी ठेवल्यास पुढील सारी काळजी आपोआप उमगते.

जंतूंची वाढ

कोंबडीच्या कच्च्या मांसावर साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे रोगजंतू असू शकतात. मसाल्यातील आंबटपणा, मीठ वा हळद यांनी त्यांचा नायनाट होत नाही. साधारणतः ५ ते ६० अंश सेल्सियस या उष्णतामानात अन्नातील जंतू वाढतात. अनुकूल स्थितीत साल्मोनेलासारखे जंतू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे ४ तासांत ४,०९६ जंतू होऊ शकतात. सकाळी मसाला लावून दुपारपर्यंत मांडवात झाकून ठेवलेली परात का घातक ठरते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मुरवताना घ्यावयाची दक्षता

मांस शीतकपाटात ५ अंश किंवा त्याहून कमी उष्णतामानात, झाकून व सर्वांत खालच्या कप्प्यात मुरवावे. तसे केल्याने त्याचे पाणी इतर पदार्थांवर ठिबकत नाही. बाहेर ते दोन तासांहून अधिक आणि कडक उन्हाळ्यात एका तासाहून अधिक ठेवू नये. शीतकपाट वा पुरेसा बर्फ नसेल तेथे मुरवण्याचा आग्रह सोडून मसाला लावताच मांस शिजवावयास घ्यावे. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दही-लिंबाच्या आंबटपणामुळे तांबे अन्नात उतरते.

कच्ची कोंबडी नळाखाली धुतल्यास उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर व शेजारच्या भांड्यांवर पसरतात. मांसासाठी सुरी व फळी वेगळी ठेवावी. त्याच फळीवर कोशिंबिरीचा कांदा चिरू नये. मांस हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. परातीत उरलेला मसाला भाजलेल्या तुकड्यांवर ओतू नये. रश्शासाठी वापरावयाचा असल्यास तो खळखळून उकळावा. कच्चे तुकडे ज्या परातीत होते, तीतच भाजलेले तुकडे काढून ठेवणे ही वारंवार घडणारी चूक होय.

शिजण्याची खरी कसोटी

हळद-तिखटाच्या रंगामुळे मांस शिजले की नाही, हे नजरेला नीट कळत नाही. निखाऱ्यावर तुकडा बाहेरून करपतो आणि हाडालगत कच्चा राहतो. तुकड्याच्या सर्वांत जाड भागाचे उष्णतामान ७४ अंश सेल्सियस झाले पाहिजे. त्यासाठी सुईचा तापमापक मिळतो. त्याचे टोक हाडाला टेकू देऊ नये. तापमापक नसल्यास मोठे तुकडे टाळावेत, मांस रश्शात उकळत ठेवून शिजवावे आणि जाड तुकडा हाडापर्यंत कापून पाहावा. गोठवलेली कोंबडी मसाला लावण्यापूर्वी शीतकपाटातच पूर्ण वितळू द्यावी. तयार अन्न वाढेपर्यंत ६० अंशांहून अधिक गरम राहिले पाहिजे.

सर्वांचे उत्तरदायित्व

साल्मोनेलाची बाधा झाल्यास बहुधा ६ ते ७२ तासांत ताप, पोटदुखी व जुलाब सुरू होतात. लहान मुले, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांना धोका अधिक असतो. अशा वेळी क्षार-संजीवनी देणे सुरू करून रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि उरलेले अन्न तपासणीसाठी झाकून, थंड जागी राखून ठेवावे.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये जेवणावळीचा व्यवसाय करणाऱ्यांना नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. महाराष्ट्रात या अधिनियमाची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. आचारी ठरविताना पंचायत सदस्यांनी त्याच्याकडे नोंदणीची चौकशी करावी; स्वच्छ पाणी, साबण व बर्फ यांची तजवीज आधीच करून ठेवावी. शिक्षकांनी जंतूंच्या दुपटीचे गणित वर्गात फळ्यावर सोडवून दाखविल्यास ही जाणीव मुलांमार्फत घरोघरीच्या चुलीपर्यंत पोहोचेल. पंगतीला बसलेला पाहुणा यजमानावर विश्वास ठेवून घास घेतो. त्या विश्वासाचे रक्षण स्वयंपाकघरातच व्हावयास हवे.