बुलेटचे व्हॉल्व्ह

खोपोलीहून बोरघाट चढताना शिंग्रोबाच्या देवळाआधीच जुनी बुलेट दम टाकू लागली, तर दुखणे पुष्कळदा व्हॉल्व्हमध्ये असते.

राजदूत, जुनी येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांना असे व्हॉल्व्ह नसतात. मद्रासेत तयार झालेल्या बुलेटला मात्र दोन असतात. एक पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेतो, दुसरा जळालेला वायू बाहेर सोडतो. दुसऱ्याला आच अधिक लागते. म्हणून त्याची कड आधी जळते, कॉम्प्रेशन निसटते आणि गाडीचा जोर जातो.

नवा व्हॉल्व्ह गाईडमध्ये घालून आधी हलवून पाहावा. तो डुगडुगला तर गाईडही बदलावा व सीट नव्याने कापून घ्यावी. पुष्कळ गिऱ्हाइके म्हणतात, "नुसता व्हॉल्व्ह टाका." पण ढिल्या गाईडमध्ये तो सीटवर नीट बसत नाही व लवकर जळतो. माझे वडील मिस्त्री आहेत. असे अर्धे काम ते घेत नाहीत. गिऱ्हाईक परत गेले तरी चालते.

मग पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासावा. दोहोंवर सलग करडी पट्टी उमटली पाहिजे. पेस्ट स्वच्छ पुसून, स्प्रिंगा बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतावे. थेंबही झिरपता कामा नये. ओतीव लोखंडी इंजिनात टॅपेट गाडी थंड असतानाच लावावेत: पुशरॉड बोटांनी फिरावा, वरखाली हलू नये.

वडिलांना अक्षर वाचता येत नाही. पण पट्टी कोठे तुटली आहे, हे ते एका नजरेत वाचतात. त्यालाही मी विद्याच म्हणतो.