दान आणि दाम : आनंदवनातील हातमागाच्या निमित्ताने

एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका ही पात्रे येतात. त्यांचे व्यंग हे रूपक होय. परमार्थाविषयीची मूढता त्यातून सुचवावयाची असते. लोकपरंपरेतील ‘पांगुळ’ तर पहाटे दान मागत हिंडणारा. आपल्या वाङ्मयात अपंग मनुष्य दीर्घ काळ असा रूपक तरी झाला किंवा याचक तरी. तो काही निर्माण करतो, ही कल्पना तेथे विरळाच आढळते.

कन्नड वचनसाहित्य येथे तुलनेला उपयोगी पडते. बाराव्या शतकात बसवण्णांभोवतीच्या शरणांनी ‘कायक’ म्हणजे श्रम हीच उपासना मानली. त्यांच्या पूर्वीचे वचनकार देवर दासिमय्या हे परंपरेने विणकर समजले जातात. (मराठी संतांत शिंपी, कुंभार, माळी, सोनार, न्हावी आहेत, विणकर मात्र ठळकपणे दिसत नाही. हा स्वतंत्र शोधाचा विषय आहे.)

बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोरा येथे महारोगी सेवा समितीची स्थापना केली. आनंदवनात उभ्या राहिलेल्या उद्योगांपैकी हातमाग हा एक. ‘ज्वाला आणि फुले’ (१९६४) या त्यांच्या काव्याचा अभ्यास करणाराने या मागांकडेही पाहिले पाहिजे. दानापेक्षा श्रमाला श्रेष्ठ मानणारा विचार तेथे टॉवेल-चादरींच्या रूपाने प्रत्यक्ष दिसतो.

कुष्ठरोगात बोटे आखडतात, त्यांची संवेदना जाते. धोटा हाताने टाकावयाचा झाल्यास अशा बोटांची अडचण होते. दोरी ओढून तो पळविता येणाऱ्या मागावर भार मुख्यतः मनगटावर व खांद्यावर येतो. परंतु तुटलेले सूत सांधावयास बोटांची टोकेच लागतात. शिवाय बधिर हाताला दांड्याचे घर्षण कळत नाही, नकळत जखम होते. म्हणून मुठीला मऊ वेष्टन हवे, हात रोज तपासावयास हवेत. ज्याचे पाय अधू आहेत त्याला मागाच्या पायपट्ट्या दाबणे कठीण, पण कांड्या भरणे, काठ शिवणे त्याला सहज जमते. विणकामाची ही विभागणीच अनेकांना सामावून घेते.

आता प्रश्न दामाचा. न्याय्य व्यापाराचे तत्त्व असे की, किंमत उत्पादकाशी बोलून ठरावी. बेंगळुरूसारख्या शहरातील दुकानात स्वयंपाकघराच्या फडक्याला ‘अपंगांनी विणलेले’ अशी चिठ्ठी असली की गिऱ्हाईक वाकडा काठही पोटात घालते. हे दामाच्या नावाने केलेले दानच. फडक्याने पाणी टिपले पाहिजे, धुतल्यावर त्याचा आकार टिकला पाहिजे. परीक्षा एवढीच असावी. मात्र मजुरी नगावर ठरली, तर सावकाश चालणाऱ्या हाताला कमी मिळते. आणि तासांवर ठरली, तर कापड महागते. या जादा वेळाचे मोल कोणी सोसावयाचे, विणणाऱ्याने की विकत घेणाऱ्याने? ती चिठ्ठी विणणाऱ्याचे व्यंग सांगते. त्याचे तास सांगत नाही.