आधी जागा, मग लेन्स

नंदनवन, नागपूर

चि. सोनू,

निसर्गचित्रांसाठी १०-२० मिलिमीटरची वाइड लेन्स घ्यायचं तू जवळजवळ ठरवलंच आहेस, म्हणून हे पत्र. ‘लँडस्केपला वाइड आणि वाघाला टेली’ असं सगळेच सांगतात, पण आपल्या सपाट मुलखात हा नियम फसवा आहे. रामटेकचंच उदाहरण घे. समज, तू धानाच्या बांध्यांमध्ये, धुऱ्यावर उभी आहेस आणि तीन किलोमीटरवर शंभर मीटर उंचीची टेकडी आहे. तुझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची उंची साधारण सोळा मिलिमीटर. दहाच्या लेन्सने त्यावर टेकडी उमटेल जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. बाकी सगळं आभाळ आणि चिखल. दोनशेच्या टेली लेन्सने तीच टेकडी साडेसहा मिलिमीटरच्या वर जाईल, चौकटीची चाळीस टक्के उंची व्यापेल. टेकडीवरची मंदिरं, उतारावरची झाडी, पायथ्याची पिवळी पडलेली शेतं एकावर एक रचल्यासारखी दिसतील. डोळ्यांना भावते ती टेकडी हीच.

तू म्हणशील, वाइडने काढून नंतर कापून घेईन. एका ठिकाणी उभं राहून काढलेल्या फोटोत जवळच्या-दूरच्या वस्तूंचं प्रमाण लेन्सने बदलत नाही, हे खरंच आहे. ते ठरतं तू कुठे उभी आहेस त्यावर. पण दहाच्या फोटोतून दोनशेच्या चौकटीएवढा तुकडा कापलास तर क्षेत्रफळाचा चारशेवा हिस्सा हाती लागतो. चोवीस मेगापिक्सेलमधले उरतात साठ हजार पिक्सेल. त्यातून धड पोस्टकार्डही छापता येणार नाही.

म्हणून वाइड निरुपयोगी, असं मात्र समजू नको. त्याच रामटेकच्या पायथ्याला अंबाळा तलावाच्या घाटावर उतरलीस की सगळं उलटतं. तिथे पायऱ्या अगदी पायाशी असतात, मागे सरकायला जागा नसते. दहाच्या लेन्सवर अ‍ॅपर्चर एफ-८ ठेवून दोन फुटांवर फोकस केलास, तर फूटभरावरच्या दगडाच्या चिरेपासून पलीकडच्या काठावरच्या देवळांपर्यंत सगळं स्पष्ट येतं. दोनशेला एफ-८ वर तेवढी खोली हवी तर फोकस अडीचशे मीटरवर न्यावा लागतो आणि समोरची पायरी पार धूसर होते. जवळ काही ठसठशीत असेल तरच वाइडचं चीज होतं; नुसतं ‘सगळं मावावं’ म्हणून लावली तर चित्र रिकामं पडतं.

टेलीवरचे आक्षेपही खोटे नाहीत. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबची लेन्स ती थरथर मोठी करूनच दाखवते. किंमत कितीही मोजली तरी हा दोष जात नाही; पहाटे जावं, नाहीतर पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात. वजन आणि हात हलणं, यावर तिपाई आहे. ताडोब्याच्या जंगलात तर वादच नाही: जिप्सीतून खाली उतरता येत नाही, म्हणजे अंतर तुझ्या हातात नाही, आणि तिथे टेलीच लागते.

तुझ्याकडची १८-५५ घाटासाठी आणि पावसाळी ढगांसाठी पुरेशी रुंद आहे. दहाची लेन्स सध्या राहू दे. त्या पैशांत सेकंडहँड का होईना, ७०-३०० घे, आणि दिवाळीच्या सुमारास, धान कापणीला येईल तेव्हा, रामटेकच्या धुऱ्यांवर सकाळी सातच्या आत पोच.

तुझा,
मामा