पापलेट मोजूया पट्टीने : सागरी जैवविविधतेचा एक पाठ



परिसर अभ्यासात समुद्र शिकवताना आपण देवमासा, शार्क, प्रवाळ यांची चित्रं दाखवतो. मुलं खूश होतात, पण तो समुद्र त्यांना लांबचाच वाटतो. म्हणून यंदा मी सुरुवात ताटातल्या माशापासून केली.

सागरी जैवविविधता म्हणजे काय?

समुद्रात राहणाऱ्या सर्व सजीवांमधली विविधता म्हणजे सागरी जैवविविधता. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे. या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे वनस्पती प्लवक सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. त्यांना सूक्ष्म प्राणी खातात, सूक्ष्म प्राण्यांना लहान मासे आणि लहान माशांना मोठे मासे. या साखळीतली एक कडी कमी झाली, की पुढच्या सगळ्यांचं पोट मारलं जातं.

आपला राज्य मासा

२०२३ मध्ये महाराष्ट्राने चंदेरी पापलेटला राज्य मासा घोषित केलं. पालघरच्या सातपाटीचे मच्छीमार ही मागणी करत होते, कारण पापलेट कमी होत चाललं होतं. पिल्लं मोठी होऊन अंडी घालण्याआधीच जाळ्यात सापडली, तर पुढची पिढी येणार कुठून? त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर आहे.

मुलांना मी कंपासातली १५ सेंटिमीटरची पट्टी काढायला लावली आणि साडेतेरावर खूण करायला सांगितली. "यापेक्षा लहान असेल तर ते पिल्लू." वर्ग एकदम गप्प झाला. बऱ्याच जणांनी त्याहून लहान पापलेट घरी खाल्लं होतं. खरं सांगायचं तर, स्वस्त मिळतं म्हणून मीही आणलेलं आहे.

एका मुलाचा प्रश्न

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील बोटीवर जातात. "बाई, जाळ्याला काय कळतंय लहान कोण नि मोठं कोण? बाबांनी मग करायचं काय?"

या प्रश्नाला उडवून लावू नका. मच्छीमाराला दोषी ठरवून हा पाठ संपवला, तर ते मूल आपल्यापासून तुटतं. मी फळ्यावर जाळं काढलं. जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. आस बारीक असेल तर पिल्लंही अडकतात, मोठी असेल तर ती निसटतात. ट्रॉलरचं जाळं ओढताना तिरप्या चौकटीची आस मिटते, चौकोनी आस मात्र उघडी राहते. म्हणजे जाळ्यालाही थोडं शिकवता येतं! पण मोठ्या आसाच्या जाळ्यात मासळी कमी येते आणि डिझेलचा खर्च तेवढाच राहतो. म्हणून बाजारात पिल्लांना गिऱ्हाईक मिळणं थांबलं, तरच त्या बाबांना सोडून देणं परवडेल.

नारळी पौर्णिमेची आठवणही मुलांना करून द्या. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळ वाहूनच समुद्रात जायचं, ही कोळी बांधवांची जुनी रीत. अनेक मासे याच काळात अंडी घालतात. आज १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते.

इतर धोके

• प्लास्टिक : समुद्री कासवं पिशवीला जेलीफिश समजून गिळतात.
• खारफुटीची तोड : खारफुटीच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात. पांढरी चिप्पी ही खारफुटी २०२० पासून आपला राज्य कांदळवन वृक्ष आहे.
• तापमानवाढ : पाणी तापलं की प्रवाळ रंग हरवून पांढरे पडतात. ताप फार काळ टिकला तर मरतात.

घरी आणि वर्गात करून पाहा

१. बाजारात जाताना मुलाला पट्टी घेऊन सोबत न्या. मासे मोजून वहीत नोंदवा.
२. मासे विकणाऱ्या मावशींना विचारा : पूर्वी कोणते मासे जास्त यायचे? आता कोणते येत नाहीत?
३. प्लवकापासून माणसापर्यंत अन्नसाखळीचं चित्र काढा. मधला एक सजीव पुसा आणि पुढे काय होईल ते लिहा.

शनिवारी तोच मुलगा सांगत आला, "बाई, बाबांनी पण पट्टी मागितली." मी माझ्या टेबलावरची दिली. तुमच्या घरातल्या पट्टीवरही साडेतेराची खूण करून ठेवा.