जंतूंच्या पोटीं संप्रेरक

आपल्या शरीरांतील कांहीं ग्रंथी अत्यल्प प्रमाणांत जीं द्रव्यें रक्तांत सोडतात, त्यांस संप्रेरकें म्हणतात. प्रमाण अल्प, परंतु अधिकार केवढा! ज्या मुलाच्या शरीरांत इन्शुलिन तयार होत नाहीं, तें बाहेरून मिळाल्यावांचून जगत नाहीं. 1922 पासून हें औषध गाईबैल व डुकरें यांच्या स्वादुपिंडांतून काढीत असत. वाढीच्या संप्रेरकास आवर घालणारें सोमॅटोस्टॅटिन तर याहूनहि दुर्मिळ. 1973 सालीं गिलेमिन व त्यांचे सहकारी यांनीं तें मेंढ्यांच्या मेंदूंतून वेगळें केलें. सुमारें 5 लक्ष मेंदू खर्ची पडले आणि हातीं आले अवघे कांहीं मिलिग्रॅम.

सोमॅटोस्टॅटिन म्हणजे 14 अ‍ॅमिनो आम्लांची माळ होय. मण्यांचा क्रम जनुकांत लिहिलेला असतो. दर 3 अक्षरें मिळून एक मणि ठरतो. मनुष्य व जंतु या दोघांचीहि ही लिपि एकच. मग जनुक जंतूंत घातलें, तर तो तीच माळ कां ओवणार नाहीं? कॅलिफोर्नियांतील इटाकुरा, रिग्ज व बॉयर यांनीं हाच विचार केला. हें जनुक त्यांनीं कोणत्याहि प्राण्यापासून घेतलें नाहीं. प्रयोगशाळेंत रासायनिक क्रियांनीं त्याचे 8 तुकडे घडवून ते सांधले, आणि ई. कोलाय या आंतड्यांतील जंतूंत घातलें.

1977 मधील या पहिल्या प्रयत्नांत कांहींच मिळालें नाहीं. वर्गांत एका मुलानें मला विचारलें, "सर, त्या जंतूला या संप्रेरकाचा उपयोग काय?" अपयशाचें मर्म नेमकें तेथेंच आहे. उपयोग कांहींच नाहीं. एवढी इवलीशी परकी माळ जंतूचीं पाचक द्रव्यें तोडून टाकीत होतीं.

तेव्हां त्यांनीं युक्ति योजिली. बीटा-गॅलॅक्टोसिडेज हें जंतूचें स्वतःचें प्रथिन, हजारांहून अधिक मण्यांचें. त्याच्या जनुकाच्या शेवटीं त्यांनीं आपलें जनुक जोडलें. जंतूनें सबंध माळ आपलीच समजून ओवली व सांभाळली. संप्रेरक तिच्या शेपटांत लपून राहिलें. आतां तें सोडवावयाचें कसें? सांध्यावर मेथिओनीन नांवाचा एक मणि मुद्दाम ठेवलेला होता. सायनोजेन ब्रोमाइड हें द्रव्य मेथिओनीनच्या पुढेंच माळ तोडतें. मोठ्या प्रथिनांत असे मणी पुष्कळ, म्हणून त्याचे तुकडे तुकडे झाले. पण सोमॅटोस्टॅटिनच्या 14 मण्यांत मेथिओनीन एकहि नाहीं! तें अखंड बाहेर पडलें. एक जरी असता, तरी ही युक्ति फसली असती.

इन्शुलिनच्या 21 व 30 मण्यांच्या दोन माळांतहि मेथिओनीन नाहीं. 1978 सालीं त्या वेगवेगळ्या जंतूंकडून याच रीतीनें करवून मग जोडण्यांत आल्या. डुकराच्या इन्शुलिनांत माणसाच्या मानानें एक मणि वेगळा असतो. यांत तोहि भेद उरला नाहीं. 1982 मध्यें अमेरिकेंत हें औषध विक्रीस मान्य झालें.