रिकामी बंदूक रिकामी दिसली पाहिजे
छऱ्याच्या बंदुकीचा खेळ : तरुणांसाठी सुरक्षिततेचा व मैदानावरील शिस्तीचा पाठ

धारवाडच्या रेल्वे स्थानकालगत वसलेल्या मळमड्डीसारख्या शाळा-घरांच्या वस्तीत बंदुकीचा विषय निघाला की पालकांच्या कपाळावर आठी उमटते, तर मुलांच्या डोळ्यांत चमक येते. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत. नेमबाजीने अलीकडच्या काळात देशाला मोठा मान मिळवून दिला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक पटकावले. त्यापूर्वी तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे जागतिक विजेतेपद मिळविले होते. कृष्णेपासून मलप्रभेपर्यंतच्या मराठी घरांतील मुलामुलींना या खेळाचे आकर्षण वाटू लागले आहे, यात नवल नाही. तथापि हा खेळ नेम धरण्यापासून सुरू होत नाही. तो बंदूक सुरक्षितपणे हातात घेण्यापासून सुरू होतो. नेमबाजीच्या सर्व प्रकारांपैकी छऱ्याच्या बंदुकीचा, म्हणजे शॉटगनचा, खेळ मोकळ्या आकाशाखाली आणि हलत्या लक्ष्यावर खेळला जातो. त्यामुळे त्यातील शिस्तीचा विचार येथे स्वतंत्रपणे करण्यात आला आहे.

शिकारीकडून खेळाकडे

बारा बोअरची दुनळी बंदूक आपल्याकडे अपरिचित नाही. धारवाडच्या दक्षिणेस व पश्चिमेस, कलघटगी व अळणावरपासून पुढे हळियाळ-दांडेलीपर्यंत, जंगलाच्या कडेला शेती करणारी गावे आहेत. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगण्याची पद्धत अशा गावांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीच्या छंदाला लगाम घातला. परंतु उडत्या लक्ष्याचा वेध घेण्याचे कौशल्य त्यामुळे लोपले नाही. पक्ष्याची जागा तबकडीने घेतली. बिकानेरचे महाराजा डॉ. कर्णीसिंह यांनी १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत या प्रकारात रौप्यपदक मिळविले आणि पाच ऑलिंपिक स्पर्धांत भाग घेतला. २००४ मध्ये अथेन्स येथे राज्यवर्धनसिंह राठोड यांनी ऑलिंपिक रौप्यपदक जिंकले. पॅरिसमध्ये महेश्वरी चौहान व अनंतजीतसिंह नारुका यांचे स्कीट मिश्र सांघिक कांस्यपदक अवघ्या एका गुणाने हुकले.

या खेळाच्या संघटनेशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. त्यांच्या नावाने भरणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेतून आजही अनेक तरुण नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जातात.

खेळाचे स्वरूप

स्पर्धेतील तबकडी सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाची व १०५ ग्रॅम वजनाची असते. यंत्रातून सुटल्यावर ती ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. ट्रॅप या प्रकारात नेमबाज ओळीने असलेल्या पाच जागांवरून नेम धरतात. १५ मीटर पुढे असलेल्या खंदकातून तबकडी त्यांच्यापासून दूर झेपावते आणि ती कोणत्या दिशेला वळेल हे आधी कळत नाही. स्कीट प्रकारात एक उंच व एक ठेंगणी अशा दोन खोल्यांतून तबकड्या आडव्या सुटतात आणि नेमबाज आठ जागा बदलत त्यांचा वेध घेतो.

स्पर्धेच्या काडतुसात २४ ग्रॅम शिसे, म्हणजे सुमारे तीनशे बारीक छर्रे असतात. तबकडी ३०-४० मीटरच्या आत फुटते. छर्रे मात्र तेथे थांबत नाहीत. ते सुमारे दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणून अशा मैदानापुढे पावणेतीनशे ते तीनशे मीटर जमीन निर्मनुष्य ठेवावी लागते. भरवस्तीत एखाद्या दालनात एअर रायफलचा वर्ग चालू शकतो. शॉटगनचा चालू शकत नाही. गावाबाहेरची पडीक जमीन, बंद पडलेली खाण किंवा नदीचे पात्र म्हणजे मैदान नव्हे. जेथे अधिकृत परवानगी, प्रशिक्षक व पंच नाहीत, तेथे हा खेळ होऊच शकत नाही.

अपघाताचे मूळ

बंदुकीचे अपघात घडल्यावर बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येते : ‘मला वाटले, ती रिकामी आहे.’ येथे दोष हेतूचा नसतो, समजुतीचा असतो. एखाद्याने बंदूक रिकामी केली, हे त्याला ठाऊक असते. शेजारी उभ्या असलेल्या चौघांना ते ठाऊक नसते. तासाभराने खुद्द त्यालाही त्याची खात्री राहत नाही. म्हणून बंदूक रिकामी असणे पुरेसे नाही. ती रिकामी असल्याचे इतरांना दिसले पाहिजे. मैदानावरील शिष्टाचारांपैकी बहुतेकांचा उगम याच एका तत्त्वात आहे. ते केवळ सभ्यतेचे उपचार नव्हेत.

दुनळी बंदूक या दृष्टीने सोयीची असते. ती मधोमध मोडून उघडली की दोन्ही नळ्यांची तोंडे मोकळी दिसतात आणि दहा पावलांवरील माणसालाही ती निर्धोक असल्याचे कळते. स्वयंचलित बंदुकीचा बोल्ट मागे ओढून उघडा ठेवावा लागतो. राष्ट्रीय छात्र सेनेत शिकलेल्यांना ‘जाँच शस्त्र’ हा हुकूम आठवत असेल. त्यामागील विचार हाच आहे : शस्त्र रिकामे असल्याचे तोंडी सांगू नये, उघडून दाखवावे.

चार मूलभूत नियम

एक : प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे मानावे. दुसऱ्याने तपासून दिलेली बंदूकही हाती घेताच पुन्हा उघडून पाहावी. यात देणाऱ्याचा अविश्वास नाही. घेणाऱ्याचे ते कर्तव्य आहे.

दोन : जे नष्ट करावयाचे नाही, त्या दिशेने नळी कधीही वळवू नये. बोलताना, मागे वळून पाहताना, हाक मारणाऱ्याकडे तोंड फिरविताना नळीही नकळत फिरते. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त घडणारी चूक हीच आहे.

तीन : वेध घेण्याचा क्षण येईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. सेफ्टीचा खटका हे यंत्र आहे, ते बिघडू शकते. म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

चार : लक्ष्य व लक्ष्याच्या पलीकडील प्रदेश यांची खात्री असल्याखेरीज बार काढू नये. मैदानावर पक्षी, कुत्रे वा गुरे आल्यास खेळ थांबवावा. त्यांच्यावर बंदूक रोखणे हा केवळ नियमभंग नसून गुन्हाही ठरू शकतो.

मैदानावरील वर्तन

मैदानावर येताना बंदूक पेटीत किंवा उघड्या स्थितीत आणावी. विश्रांतीच्या वेळी ती ठरावीक घोडीवर उघडी व रिकामी ठेवावी. भिंतीला वा मोटारीला टेकवून ठेवू नये. दुसऱ्याच्या बंदुकीला त्याच्या परवानगीवाचून हात लावू नये.

काडतूस केवळ आपल्या जागेवर, मैदानाकडे तोंड करून आणि आपली पाळी आल्यावरच भरावे. बार झाल्यावर बंदूक उघडून रिकामी केल्याशिवाय जागेवरून वळू नये. ट्रॅपमध्ये पाचव्या जागेवरील नेमबाज इतरांच्या पाठीमागून पहिल्या जागेवर जातो. तेव्हा त्याची बंदूक उघडी असलीच पाहिजे. नेम धरण्याचा सरावही नेमलेल्या जागेवरच करावा. मोटारीजवळ उभे राहून उडत्या कावळ्यावर रिकामी बंदूक रोखणारा मुलगा, ती रिकामी असली तरी, मैदानावर राहण्यास पात्र ठरत नाही.

अनेक ठिकाणी तबकडीचे यंत्र नेमबाजाच्या आवाजाने सुटते. शेजाऱ्याने मोठ्याने बोलल्यास तबकडी अवेळी सुटण्याचा संभव असतो. मौन पाळण्यामागे हे व्यावहारिक कारणही आहे. चुकलेल्या नेमावर शेरे मारू नयेत. हिरमुसलेल्या मुलाचे लक्ष बंदुकीवरून उडते, हा त्यातील खरा धोका आहे.

‘स्टॉप’ हा हुकूम कानी पडताच प्रत्येकाने नळी मैदानाकडेच ठेवून बंदूक उघडावी व रिकामी करावी. धोका दिसल्यास हा शब्द उच्चारण्याचा अधिकार मैदानावरील प्रत्येकाला आहे, सर्वांत धाकट्यालासुद्धा. आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांची चूक दाखविणे उद्धटपणाचे मानले जाते. काका, मामा किंवा गुरुजी यांच्या हातातील नळी भलतीकडे वळली, तर बारा-चौदा वर्षांचे मूल संकोचाने गप्प राहते. हा संकोच मैदानाच्या फाटकाबाहेर ठेवण्यास मुलांना शिकविले पाहिजे. आणि मुलाने टोकल्यास ‘बरोबर आहे, बाळ’ असे म्हणून बंदूक खाली उघडी करण्यास वडिलांनी शिकले पाहिजे. ज्या मैदानावर हे घडते, ते मैदान सुरक्षित समजावे.

काडतूस आणि फुसका बार

बारा बोअरच्या बंदुकीत वीस बोअरचे काडतूस कधीही जाऊ देऊ नये. ते आकाराने लहान असल्याने नळीत पुढे सरकून अडकते. वरून बंदूक रिकामी भासते. मागाहून बारा बोअरचे काडतूस भरून चाप ओढल्यास नळी फुटून नेमबाजाचा हात जाऊ शकतो. याच कारणासाठी वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे. दोन बोअरची काडतुसे एका पिशवीत किंवा खिशात ठेवू नयेत.

‘फुसका बार’ हा शब्द आपण दैनंदिन भाषेत थट्टेने वापरतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र तो थट्टेचा विषय नाही. आवाज दबका आला, धक्का कमी बसला, तर काडतुसातील बूच नळीत अडकले असण्याची शक्यता असते. तत्क्षणी थांबावे, पंचांना सांगावे आणि बंदूक रिकामी केल्यावर नळी आरपार मोकळी असल्याची खात्री करून घ्यावी. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी मैदानाकडे रोखलेली ठेवावी, बंदूक उघडू नये, खटक्याला हात लावू नये आणि पंच येईपर्यंत स्तब्ध उभे राहावे. दारू क्षणभर उशिराने पेट घेण्याची शक्यता असते. नळीत डोकावून पाहण्याचा मोह प्राणघातक ठरतो.

शरीराची काळजी

बंदुकीच्या एका बाराचा आवाज कानाला कायमची इजा करू शकतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. म्हणून नेमबाज, पंच व प्रेक्षक या सर्वांनी कानांना संरक्षक साधन लावावे. तबकडीचे तुकडे व उलटून येणारे छर्रे यांपासून बचावासाठी डोळ्यांवर न फुटणारा चष्मा असावा. पायात चपला नसाव्यात. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर साबणाने हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये. सुमारे साडेतीन किलो वजनाची बंदूक पेलण्याइतके बळ नसलेल्या मुलास घाई करू नये. दस्ता खांद्यात नीट बसत नसल्यास धक्क्याने खांदा दुखावतो, आणि धक्क्याची भीती बसलेले मूल चाप ओढताना डोळे मिटते.

कायदा आणि घर

१९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार २१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस बंदूक बाळगता येत नाही. विहित वयाच्या मुलांना विहित अटींखाली केवळ प्रशिक्षणापुरता तिचा वापर करता येतो. परवाना हा व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नव्हे. आजोबांच्या नावावरील पीक-संरक्षणाची बंदूक नातवाच्या सरावासाठी नाही. २०१९ च्या दुरुस्तीने लग्न-समारंभात हर्षाने केलेला, इतरांचा जीव धोक्यात घालणारा गोळीबार शिक्षापात्र ठरविला असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

घरातील बंदूक वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाहेर निघते. तिला गंध-फूल वाहिले जाते. मुले भोवती गोळा होतात. कोडगू जिल्ह्यात कैलपोळदू सणाला शस्त्रांची अशीच पूजा होते आणि नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धाही भरतात. ही परंपरा आदरणीय आहे. मात्र पाटावर बंदूक ठेवण्यापूर्वी ती उघडून, दोन्ही नळ्या सर्वांसमक्ष पाहून, उघडीच ठेवावी. काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. पूजेनंतर बंदूक मुलांच्या हाती देऊन छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा. शस्त्राचा मान त्याला वाहिलेल्या फुलांत जितका आहे, तितकाच त्याला लावलेल्या कुलपात आहे.

शिक्षक व पालकांसाठी

मुलाला या खेळाची आवड असल्यास प्रारंभ अधिकृत केंद्रातील एअर रायफलपासून करावा. तेथे शिस्त अंगी बाणली की मगच पुढील पाऊल टाकावे. मान्यताप्राप्त राज्य संघटनेच्या मार्गदर्शनाखालीच शॉटगनचे प्रशिक्षण घ्यावे. प्रशिक्षकाची निवड करताना त्याच्या शिष्यांनी मिळविलेली पदके मोजण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी : सराव संपल्यावर घोडीवर ठेवलेल्या सर्व बंदुका उघड्या आहेत काय? त्या उघड्या दिसल्या, तर मूल योग्य हाती आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बंदूक रिकामी असणे व रिकामी दिसणे यांत कोणता फरक आहे?
२. शॉटगनच्या मैदानापुढे मोठी मोकळी जमीन का लागते?
३. चाप ओढूनही बार न उडाल्यास नेमबाजाने कोणते वर्तन करावे?
४. वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग देण्याचे कारण सांगा.
५. आपल्या घरी अथवा गावी शस्त्रपूजा होत असल्यास तेथे कोणती दक्षता घ्याल?